डबी रिकामी कशी पाठवू

ये गो बाय, अशी जवळ येऊन बसलीस असं समजते. तू तिकडं लांब, माझा आवाज आता तेवढा पोचत नाही, म्हणून लिहून पाठवते आहे. आणि आधी तुझा कान धरू दे. गणपतीत माझ्या हातचे मोदक खाताना काय म्हणाली होतीस? "मावशी, दिवाळीला येते आणि तुझ्या लॅपटॉपची डिस्क बदलून देते, नवा होईल तुझा लॅपटॉप." दिवाळी येऊन गेली. कंदील उतरवून माळ्यावर टाकला. वाडीमागच्या शेतात वाल पेरले, ते उगवले, फुलले, शेंगा धरल्या. तुझा पत्ता नाही. फोन केला की एकच उत्तर, "मावशी, बंद करून परत चालू कर." अगं, तेवढं मलाही येतं. बंद करून चालू केल्यावर माणूससुद्धा बरा होत असता तर डॉक्टर कशाला लागले असते?

तू आली नाहीस म्हणून मला कोणाच्या दारात जावं लागलं, ते ऐक आता. मुकाट्यानं ऐक.

तुला माझा लॅपटॉप माहीत आहे. लेकीनं परदेशी जाताना दिलेला, काळा, एका कोपऱ्याला टवका गेलेला. त्याच्यावर मी दोन बोटांनी मराठी लिहायला शिकले. कोणी शिकवलं नाही. 'ज्ञ' सापडायला मला अख्खा पावसाळा लागला. विजेचं बिल त्याच्यावरच भरते, लेकीचं तोंड त्याच्यातच बघते, आणि हे जे तुला सांगत बसले आहे, तेही त्याच्यावरच लिहिते आहे. पण गेलं वर्षभर तो उघडायलाच तयार नसायचा. बटण दाबायचं आणि चहा ठेवायला जायचं. चहा उकळायचा, गाळून व्हायचा, पिऊन व्हायचा, कप धुऊन पालथा घालायची, तरी पडद्यावर ते गोल गोल फिरतंच. आतून आवाज यायचा, कट, कट, जसं कोणी आत बसून सुपारी कातरतंय.

आणि त्याच दिवसांत गडग्यापलीकडे माझ्या जावेचा लॅपटॉप नवा झाला.

जाऊ म्हणजे माझ्या धाकट्या दिराची बायको, तू तिला बघितलं आहेस. दोन घरं, एक वाडी, मध्ये कमरेएवढा दगडी गडगा. त्यांच्याकडे पाहुण्यांना द्यायला दोन खोल्या आहेत, मुंबईचे लोक येतात, त्याच्या नोंदींसाठी त्यांनी लॅपटॉप घेतलेला. माझ्याइतकाच जुना. माझ्याइतकाच सुस्त. ह्या एका गोष्टीत आम्ही सारख्या होतो, आणि खरं सांगू, मला त्यात बरं वाटायचं. पण तिला सून आली नवी मुंबईची. सून घरी बसून कंपनीचं काम करते, कानाला ते लावून इंग्रजीत बोलते, आणि मधल्या वेळात माजघरात बसून पेचकस घेऊन काय वाटेल ते उघडते. मिक्सर उघडला, इस्त्री उघडली. मग एक दिवस सासूचा लॅपटॉप उघडला आणि जुनी डिस्क काढून आत नवी घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावेनं गडग्याशी येऊन हाक मारली. "वयनी, जरा येता? दाखवायचा हाय."

गेले. तिनं लॅपटॉप ओट्यावर मांडला, पदर सारखा केला, जशी सत्यनारायणाला बसली आहे. म्हणाली, "आथा बघा हां. डोळा लववू नका." आणि बटण दाबलं. मी डोळा लववला असेन नसेन, पडद्यावर तिच्या नातवाचा फोटो.

"झाला?" मी म्हटलं.

"झाला," ती म्हणाली. "परत दाखवू?"

परत बंद केला, परत चालू केला. मासळीवाली आली होती, तिला दाखवला. पोस्टमन आला, त्याला दाखवला. माझ्यासमोर तिनं तो किती वेळा उघडला असेल, मी मोजलं नाही, पण प्रत्येक वेळी मी तोंडानं "छान गो" म्हणायची आणि मनातून जळायची. जुनी डिस्कसुद्धा सुनेनं टाकली नाही. छोट्याशा प्लास्टिकच्या कव्हरात बसवून, वायर लावून दिली. आता ती म्हणे खिशात घालून न्यायची, कुठल्याही लॅपटॉपला जोडायची, हवं ते भरायचं, काढायचं. तपकिरीची असते तशी पण थोडी मोठी, काळी डबी. जाऊ ती डबी कमरेच्या पिशवीत घालून हिंडायची.

तू म्हणशील, मावशी, एवढ्याशा गोष्टीवरून काय जळायचं. तुला सगळं माहीत नाही म्हणून तू असं म्हणतेस. हे जळणं लॅपटॉपपासून सुरू झालेलं नाही.

आमच्या सासूबाई धवलारीण होत्या. आमच्यात लग्नाला ब्राह्मण नंतर, धवलारीण आधी. मांडवाची मेढ रोवण्यापासून हळद दळण्यापर्यंत, देव बोलावण्यापासून पोरीला पाटावर बसवण्यापर्यंत, प्रत्येक गोष्टीचं गाणं असतं. त्यांना धवले म्हणतात. ते धवलारणीनं म्हटल्याशिवाय पुढचं पाऊल कोणी टाकत नाही. कुठं लिहिलेले नाहीत. तोंडातून कानात, कानातून तोंडात. सासूबाईंना किहीमपासून मुरुडपर्यंत बोलावणं यायचं. माणसं गाडी घेऊन दाराशी उभी राहायची.

आता मी थोरली. मी आधी ह्या घरात आले. हळदीची ताटं मी भरली, त्यांच्या मागून पानसुपारीची पिशवी मी वाहिली. मला वाटायचं, ही विद्या माझ्याकडेच येणार. मग धाकटी आली. एक दिवस दळण निवडता निवडता ती मागच्या पडवीत सहज गुणगुणली, आणि सासूबाईंचा हात सुपातच थांबला. मी बघितलं ते. त्या दिवसापासून त्या तिला घेऊन बसायला लागल्या. माझा गळा तुला माहीत आहे. मी गायला लागले की मांजर उठून जातं. सासूबाईंनी मला कधी काही वाईट म्हटलं नाही, एवढंच म्हणाल्या, "तू नको गो ताणूस, तुझा घसा दुखल."

आता किहीमपासून मुरुडपर्यंत जावेला बोलावणं येतं. परत येते तेव्हा ओटीत नारळ, हातात नवी साडी, आणि कोणाच्या तरी फोनवर तिचा व्हिडिओ. गडग्यावरून साडी दाखवते. "रंग कसा हाय, वयनी?" मी म्हणते, "धुतल्यावर कळल."

पण माझ्याकडेही एक गोष्ट होती, जी तिच्याकडे नव्हती.

सासूबाई थकल्या तेव्हा त्यांचं बाहेर जाणं बंद झालं. दुपारी त्या माझ्या ओट्यावर वाल सोलत बसायच्या. लेकीनं तेव्हा नुकताच मला हा लॅपटॉप दिला होता आणि आवाज कसा भरायचा ते दाखवलं होतं. मी तो स्टुलावर ठेवायची आणि म्हणायची, "आये, म्हणा." त्यांना आधी लाज वाटायची. यंत्रासमोर म्हणजे जणू परक्या पुरुषासमोर. मग सवय झाली. कितीतरी दुपारी त्या म्हणत गेल्या आणि मी भरत गेले. त्या गेल्यावर त्यांचा आवाज सगळ्या जगात एकाच जागी उरला. माझ्या लॅपटॉपच्या पोटात. एका पिवळ्या खणात, नाव 'सासूबाई'.

जावेनं एकदा विचारलं होतं. वर्षश्राद्धाच्या आसपास, गडग्याशी, दुसरीकडे बघत. "वयनी, तुमच्याकडं आयेचा आवाज हाय म्हणं. कधी ऐकवाल?"

मी म्हटलं, "लॅपटॉप बंद हाय गो."

तिनं पुन्हा विचारलं नाही. तिला गळा मिळाला होता, मान मिळाला होता, साड्या मिळत होत्या. आवाज तरी माझ्याकडे राहू दे, असं मला वाटलं. आजही वाटतं.

म्हणून ती कट कट मला झोपू देईना. एक दिवस बटण दाबलं तर निळा पडदा आला, त्यावर पांढरी अक्षरं, इंग्रजीत, आणि गप्प. पुन्हा दाबलं, पुन्हा निळा. हात जोडले, लाडानं थोपटलं, शिव्या घातल्या. केव्हातरी दुपारी कसाबसा उघडला. तुला फोन केला, तर तू मीटिंगमध्ये. लेकीला केला, तर तिच्याकडे पहाट. ती अर्धवट झोपेत म्हणाली, "आई, डिस्क चाललीय. आता त्याला जास्त चालू-बंद करू नको, आतलं सगळं जाईल."

आतलं सगळं म्हणजे काय, ते तिला कुठं माहीत होतं.

गॅसवर पातेलं विसरलेल्या बाईसारखी मी गडग्याशी गेले. मनात वाक्य जुळवत होते, पण जावेनं माझं तोंड बघूनच विचारलं, "काय झाला?"

"काय नाय. तुझी सून मोकळी हाय का जरा?"

"लॅपटॉप?"

"हं."

तिच्या डोळ्यांत जे चमकलं ना, ते मी ओळखलं. माझ्याही डोळ्यांत ते असतं. पण तोंडानं म्हणाली, "रविवारी पाठवते. डिस्क मागवावी लागल, ती मागवल ऑनलाइन." आणि मग मला सोडलंच नाही तिनं. "नवी टाकली ना, का तुमचासुद्धा उघडल. माझ्याइतका नाय उघडायचा कदाचित, पण उघडल."

रविवारी जेवणं आटोपल्यावर सून आली. हातात छोटे पेचकस, पेनड्राइव्ह, नवी डिस्क. मला वाटलं होतं विटेएवढी जड काहीतरी असेल. हातात घेतली तर सोलकढीच्या वाटीवरच्या झाकणाएवढीसुद्धा वजनाला नाही. मागून जाऊ आली, न बोलावता, आणि ओट्याच्या खांबाला टेकून बसली. कमरेच्या पिशवीतून तिनं ती काळी डबी काढली आणि सुनेच्या हातात दिली, जशी देवाला वाहते आहे.

"मोठ्या आई," सून मला म्हणाली, "आधी तुमचं इम्पॉर्टंट सगळं ह्या डबीत काढून घेऊ. मग जुनी काढते, नवी घालते, विंडोज नवीन टाकते, आणि डबीतून परत तुमच्या लॅपटॉपमध्ये. सिम्पल आहे. मग मक्खन चालेल."

म्हणजे माझं सगळं आधी हिच्या डबीत जाणार. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, "दुसरी डबी नाही का?"

"का? हिला काय झालंय?"

"काय नाय, असंच विचारलं."

जाऊ खांबाकडे बघत होती.

सुनेनं एकेक खण दाखवायला सुरुवात केली. फोटो, बिलं, माझं लिहिणं. मग पिवळ्या खणावर बाण नेऊन म्हणाली, "आणि हे 'सासूबाई'? हे खूप मोठं आहे. हे पण घ्यायचं ना?"

मी मान हलवली. पडद्यावर हिरवी पट्टी पुढं सरकायला लागली. मध्येच थांबायची, आतून कट कट व्हायची, आणि मी पदराचं टोक चावत बसायची. माझ्या सासूचा आवाज थेंब थेंब करत माझ्या जावेच्या डबीत चालला होता. आणि जाऊ खांबाला टेकून, डोळे मिटून, जशी काही तिला झोप आली आहे. मला माहीत होतं ती जागी आहे. ती त्या खणाबद्दल एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. मी काहीतरी तोडून बोलले असते आणि विषय संपला असता.

सगळं उतरलं. मग सुनेनं लॅपटॉप पालथा घातला, हात खिडकीच्या गजाला लावला. म्हणाली, अंगातली वीज उतरवते. मग एकेक स्क्रू काढून वाटीत ठेवला, खालचं झाकण नखानं उचकटलं. आणि हसायलाच लागली.

"मोठ्या आई, पंख्यात कोंडा कसा? गिरणी चालवता काय इथे?"

मी बघितलं. पंख्याच्या पात्यांत भुरकट कोंडा, कोपऱ्यात तूस, आणि एक मेलेला तांदळातला किडा, पाय वर करून. आता तूच सांग, माझं काय चुकलं? पाण्यात पडलेला फोन तांदळात ठेवतात की नाही? आमची ही खारी हवा, कपाटातल्या सुईला गंज चढतो. म्हणून पावसाळ्यात मी लॅपटॉप जुन्या लुगड्यात गुंडाळून तांदळाच्या पिंपात खोचून ठेवायची. दर पावसाळ्यात. ओल तांदूळ खाईल, म्हटलं.

जावेनं डोळे उघडले. पुढं वाकून बघितलं. "मना वाटलाच," ती म्हणाली. "वयनींचा लॅपटॉप जेवतो. पोट भरला का झोपतो."

सून इतकी हसली की स्क्रूची वाटी सांडता सांडता राहिली. मीही हसले. काय करणार, हसू आलं. पण आतून वाटत होतं, ही उद्या गावभर सांगणार, सांगणारच.

जुनी डिस्क निघाली, नवी त्याच खाचेत बसली. ब्रशनं कोंडा झाडला. झाकण लागलं, स्क्रू लागले. पुढचं काम संध्याकाळपर्यंत चाललं, आणि दिवेलागणीला सुनेनं माझ्या हातात देऊन म्हटलं, "दाबा." मी दाबलं. मी डोळा लववला नाही, मुद्दाम. उघडला. माझ्या लेकीचं तोंड. मी जावेकडे बघितलं.

"हं," ती म्हणाली. "उघडला." आणि चपला शोधायला लागली.

जाताना सून डबी माझ्याकडेच ठेवून गेली. म्हणाली, "दोन दिवस सगळं नीट चेक करा, मोठ्या आई. प्रत्येक फाईल उघडून बघा. मगच डबीतलं पुसा आणि आईंना परत द्या. पुसायचं कसं ते दाखवते, तुमचं प्रायव्हेट असेल ना." 'प्रायव्हेट' म्हणताना ती पिवळ्या खणाकडे बघत होती. ती हुशार आहे. सून म्हणून ती मला मिळाली नाही, जावेला मिळाली, ह्याचंही मला वाईट वाटतं, सांगून टाकते.

सगळं तपासलं. सासूबाई नव्या डिस्कमध्ये सुखरूप होत्या. मग डबी जोडली, सगळं निवडलं, पुसलं. सुनेनं लॅपटॉप मराठीत करून दिला होता. पडदा पांढरा झाला आणि मधोमध अक्षरं आली, 'हे फोल्डर रिकामे आहे.'

मी ते वाचलं आणि तिथंच अडले.

तुझी आई तुला हे सांगत आली असेल, पण तुम्ही पोरी आता प्लास्टिकचे डबे फेकून देता, तुम्हाला काय. आमच्यात कोणाचं भांडं घरी आलं, तर ते रिकामं परत जात नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर, चार बोरं, मिठाचा खडासुद्धा चालतो. माझं आणि जावेचं एकदा विहिरीच्या पंपावरून इतकं वाजलं होतं की अख्खा पावसाळा आम्ही एकमेकींशी शब्द बोललो नाही. पण भांडी बोलत होती. तिच्याकडून निवटीच्या मासळीचं कालवण गडग्यावर यायचं, भांडं परत जाताना माझ्याकडून त्यात तांदळाच्या पिठाच्या तळलेल्या बोरांचा लाडू जायचा. तोंड वळवून ठेवायचं आणि तोंड वळवून उचलायचं. रिकामं भांडं गडग्यावर ठेवायची हिंमत तेव्हाही दोघींना झाली नाही. रिकामं ठेवलं असतं तर ते भांडण आजपर्यंत चाललं असतं.

मी आधी वाटीत खोबऱ्याच्या वड्या घातल्या, वर डबी ठेवली, आणि निघाले. गडग्यापर्यंत गेले. तिथं वाटलं, वड्या वाटीत आहेत. वाटी माझीच आहे. भांडं तिचं आहे ते ही डबी, आणि डबी रिकामीच आहे. परत आले.

मग काय भरावं, ते बघत बसले. गणपतीचे फोटो भरले, ज्यात ती आहे. आणि दाराला टांगलेल्या पांढऱ्या कांद्यांच्या माळांचे, जे फार छान आले होते. मन भरेना. सकाळचा उरलेला भात दुपारी पाहुण्याला वाढल्यासारखं वाटलं. पुसले. पुन्हा तीच पांढरी पाटी आणि तेच वाक्य.

शेवटी पिवळा खण उघडला. एक धवला द्यायचा, असं ठरवलं. एकच. आता कुठला, ते निवडायला बसले आणि दुपार गेली. ऐकत गेले. सासूबाईंचा आवाज, मध्ये वाल सुपात पडल्याचा आवाज, मध्ये माझा, "आये, हे काय? परत सांगा." आणि माझ्या लक्षात आलं, अर्धा वेळ तर त्या मला अर्थ सांगत बसल्या आहेत. गळा नसलेल्या सुनेला त्या दुसरं काय देणार.

त्यात तो एक धवला आहे, पोरीला पाटावर बसवतानाचा. त्यात पोरीला पुन्हा पुन्हा विचारतात आणि ती उत्तर देत नाही. मी तिथं विचारते, "ती लाजते का?" आणि सासूबाई थांबतात. सुपातला आवाजही थांबतो. म्हणतात, "लाजत नाय गो. आतल्या खोलीत तिची आय भांडी आवरते, तिच्या बांगड्या वाजतात, ती त्या ऐकते. परत ऐकायला मिळणार नाय म्हणून. लोकांना वाटते लाजते."

मी तोच निवडला. कशासाठी, ते तुला खरं सांगते. तिला ऐकू जावं म्हणून. गळा तिला दिला असेल, पण हा अर्थ सासूबाईंनी मला सांगितला, हे तिला कळावं म्हणून. मी डबीत तो एक भरला, वाटीत वड्या ठेवल्या, आणि गडगा ओलांडून गेले.

जाऊ ओट्यावर सुका जवळा निवडत बसली होती. मी डबी पुढं केली. तिनं हातात घेतली, वजन केल्यासारखी. रिकामी असती काय आणि भरलेली असती काय, वजन तेवढंच. पण तिनं विचारलं, "काय घातला हाय?"

"बघ."

हात धुऊन आली, लॅपटॉप उघडला. तो लगेच उघडला, आणि तिनं त्या दिवशी ते मला दाखवलं नाही. डबी जोडली. एकच फाईल. तिनं नाव वाचलं आणि माझ्याकडे बघितलंच नाही, दाबलं.

सासूबाई तिच्या ओट्यावर म्हणायला लागल्या. जावेचे ओठ सोबत हलायला लागले, आवाज न करता. मग तो प्रश्न आला, माझा. मग तो अर्थ. ओठ थांबले. धवला पुढं सुरू झाला तरी ते हलले नाहीत. संपल्यावर ती काही वेळ जवळ्यातले खडे शोधत राहिली. जवळ्यात खडे नव्हते.

"मी केवढ्या मांडवांत म्हटला हाय हा," ती म्हणाली. "मना वाटायचा, पोर लाजते. मी तिथं हसून म्हणायची. लोकं पण हसायची."

मी तिच्या पुढ्यातला जवळा निवडायला घेतला.

"तुम्हाला सांगितला तिनं. मना कधी नाय सांगितला. मना नुसता म्हण, म्हण, परत म्हण. चुकला का मांडीवर चापट." तिनं पदरानं नाक पुसलं. "तुम्ही गादीवर बसल्यासारख्या विचारताव, का आये, कशाला आये, न ती सांगते. माझ्याशी ती एवढी कधी बोलली पण नाय, वयनी."

बाय, इतक्या वर्षांत माझा हेवा कोणी केला नव्हता. तो कसा लागतो, ते मला त्या दिवशी कळलं. खोबऱ्याच्या वडीपेक्षा गोड लागतो. मी वाटी पुढं सरकवली, "खा." तिनं एक उचलली, अर्धी तोडून मला दिली. मग तिनं तो धवला पुन्हा लावला, आणि त्या ठिकाणी बोटानं थांबवून, परत मागं नेऊन, परत ऐकला. मी नको म्हटलं नाही.

"बाकीचे?" ती म्हणाली.

"डबी तुझी हाय," मी म्हटलं. "माझ्याकडं आली तर बघू."

चार-दोन दिवसांत डबी गडग्यावर आली. स्टीलच्या ताटलीत, बाजूला ताज्या वालाच्या शेंगा. मी जोडली. आत एक फाईल, तिच्या आवाजात. तिनं स्वतः भरलेली, मागं कोंबडी ओरडते आहे, सून "आई, जवळ या" म्हणते आहे. धवला मी कधी ऐकलेला नव्हता. सासूबाईंनी माझ्या ओट्यावर तो कधीच म्हटला नाही. अख्खा धवला, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, काय म्हणते ती, अंगावर काटा येतो. मी पुन्हा जळले. हा सासूबाईंनी तिला दिला आणि मला नाही.

आणि शेवटी, धवला संपल्यावर, ती लगेच बंद करत नाही. खाकरते आणि विचारते, "वयनी, ह्या धवल्यात ती पोर कोंबड्याला रागं भरते, ते कशाला?"

मला माहीत नाही गो. मला कोणी सांगितलंच नाही.

आता डबी माझ्याकडे आहे आणि मला ती भरून पाठवायची आहे. आणखी एक धवला भरेन, भरावाच लागेल. पण त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि नाही असं मी तिच्या तोंडावर म्हणणार नाही. तीही माझ्यासमोर बसून विचारणार नाही, डबीतूनच विचारणार. आम्ही अशा आहोत. समोरासमोर बसलो की दोघींच्या जिभा जड होतात, किंवा फार हलक्या.

म्हणून तुला सांगते आहे. तू ये. डिस्क बदलायला नको, ती बदलून झाली. तू येऊन आमच्या मध्ये बस, गडग्यावरच बस हवी तर, आणि तू विचार, हे काय, ते काय, कोंबड्याला राग कशाला. तुला दोघी सांगू. एक चुकली तर दुसरी लगेच सांगेल, त्यात आम्हाला फार आनंद आहे. तुझ्या फोनात भरून घे. ती म्हणेल, मी बोलेन, आणि दोघींपैकी कोणाला तरी कोंबड्याचं आठवेल.

वाल आत्ता कोवळे आहेत. पोपटी लावू, मडकं भरून, शेंगा, बटाटे, अंडी. रेवदंड्याची एसटी धर, नाक्यावर उतर, मी येते घ्यायला. काही आणू नको. पण लवकर ये गो बाय, शेंगा सुकायच्या आत ये.